शेवटचे दोनशे युनिट

मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. कागद हातात आला की आधी आकडे वाचायचे, ही सवय तिथूनच लागली. वीजबिल मात्र बहुतेक घरांत दोनच ठिकाणी वाचलं जातं: भरायची रक्कम आणि मुदतीची तारीख. रक्कम जास्त दिसली की दोन दिवस ‘लाइट बंद करा, पंखा बंद करा’ चालतं आणि तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. आम्ही अकोल्याचे. आमचं मे महिन्याचं बिल पावणेपाचशे युनिटांच्या घरात जायचं. मागच्या उन्हाळ्यात ते तीनशेच्या खाली आलं आणि त्यासाठी घरात कोणी उकाड्यात बसलं नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, मुलगी बारावीला होती. त्यांना घामाघूम करून वाचवलेले पैसे मला नकोच होते. काय काय केलं ते ओळखीपाळखीत सगळे विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी बिल. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटांचे टप्पे असतात: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. पहिल्या शंभराचा दर सगळ्यात कमी, दुसऱ्या टप्प्यात तो जवळजवळ दुप्पट, तिसऱ्यात आणखी वर. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार, स्थिर आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. पुष्कळांचा समज असा की ३०१ वं युनिट पडलं की सगळेच युनिट महाग लागतात. तसं होत नाही. प्रत्येक युनिट आपापल्या टप्प्याच्याच दराने लागतं. पण यातूनच एक फार कामाची गोष्ट निघते: आपण वाचवतो ते युनिट नेहमी वरच्या टोकाचं असतं, म्हणजे सगळ्यात महागाचं. आमचे युनिट ४७५ वरून २८५ झाले, म्हणजे ४० टक्के कमी. युनिटांपोटी भरायची रक्कम मात्र जवळजवळ निम्मी झाली, कारण ३०१ च्या पुढचा अख्खा टप्पाच बिलातून गेला. मला हवे होते ते एवढेच, शेवटचे दोनशे युनिट.

आता हे युनिट कुठे जातात ते शोधायचं होतं. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी इंग्रजीत बारीक अक्षरांत एक आकडा असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. हिशेब केला तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे साधारण १९ वॅट. एवढं कळलं की घर तपासायला दुसरं काही लागत नाही. सगळं बंद करायचं, एक वस्तू चालू करायची आणि मोबाईलवर मिनिट लावून दिवा मोजायचा. हॉलमधला पंखा पूर्ण वेगात लावला तर चार वेळा लुकलुकला, म्हणजे ७५ वॅट. एलईडीची नळी लावली तर मिनिटभरात एकदाच. एसी लावला तेव्हा ऐंशीच्या आसपास, मोजता मोजता जीव जातो. तुमच्या मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर हिशेब त्याप्रमाणे बदलेल, हे लक्षात ठेवा.

मग एका रात्री घरातलं सगळं बंद केलं. पंखे बंद, दिवे बंद, फ्रिजचा प्लग काढला. मीटरपाशी जाऊन उभी राहिले तर दिवा तरीही मिनिटाला तीनदा लुकलुकत होता. म्हणजे ५६ वॅट. हे चोवीस तास, तीस दिवस चालतं. महिन्याचे ४० युनिट, आणि घरात काहीच चालू नसताना! शोध घेतला तर टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून जागाच असतो. हात लावला की कोमट लागतो, तीच खूण. वायफायचा राउटर, टीव्हीमागचा जुना स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते, त्यामुळे इन्व्हर्टर बंद करता येत नाही. पण त्याची बॅटरी जुनी झालेली होती, चार्ज पूर्ण होतच नव्हता, आणि ती सतत वीज ओढत होती. बॅटरी बदलायची होतीच, ती बदलली. बाकीच्या वस्तू बटण असलेल्या एका एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्या आणि झोपताना ते बटण बंद. आता तो दिवा मिनिटाला एक-दीड वेळा लुकलुकतो.

पंख्यांकडे कोणाचं लक्ष जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडच्या घरात सगळ्यात जास्त तास चालणारी वस्तू फ्रिजच्या खालोखाल पंखाच आहे. नऊ वॅटचा बल्ब विसरला म्हणून मुलांना रागावतो आणि रिकाम्या खोलीतला ७५ वॅटचा पंखा दिसत नाही. ७५ वॅटचा पंखा दिवसाला सोळा तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या पद्धतीच्या मोटरचा पंखा तीसेक वॅट घेतो, म्हणजे तेवढ्याच वेळात १४-१५ युनिट. एका पंख्यामागे एकवीस-बावीस युनिट गेले. तसा पंखा अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतो आणि वरच्या टप्प्याच्या दराने हिशेब केला तर साधारण वर्षभरात पैसे वसूल होतात. जानेवारी २०२३ पासून सिलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं झालंय, तेव्हा दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर जायची गरज नाही, लेबल वाचा.

आमच्या वायरमनभाऊंचं मत वेगळं होतं. ‘ताई, साधा पंखा कंडेन्सर बदलून बदलून वीस वर्षं चालते. याच्यातलं सर्किट उडालं तर मी काही करू शकत नाही, कंपनीकडेच पाठवा लागते.’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. व्होल्टेज वरखाली होतं तिथे सर्किट जाण्याची भीती असतेच. म्हणून वॉरंटी जास्त वर्षांची आहे का ते पाहून घेतला, आणि चार पंखे एकदम बदलले नाहीत. आधी हॉल आणि सासूबाईंची खोली, कारण ते दोन सगळ्यात जास्त चालतात. हे पंखे रिमोटवर चालतात, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मधून काढावा लागतो. आणि तुमच्याकडे अजून तो मोठा डब्यासारखा जुना रेग्युलेटर असेल तर पंखा दोन नंबरवर ठेवून त्यावर हात ठेवून बघा. गरम लागेल. पंख्याचा वेग कमी झाला, पण वाचलेली पुष्कळशी वीज त्या डब्यात उष्णता होऊन जाते. पंखा बदलायचा नसेल तर निदान इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर मी पंख्याचंच सांगेन. घर सोडताना तो काढून सोबत नेता येतो.

आता गच्चीकडे येते, कारण मोठी बचत तिथूनच झाली.

आमचं घर सासऱ्यांनी १९९४ मध्ये बांधलं. तळमजला, वर मोकळी गच्ची. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब ऊन पोटात साठवतो आणि सूर्य मावळल्यावर ते खाली सोडायला लागतो. रात्री दहा वाजता स्टुलावर उभं राहून छताला हात लावला तर नुकत्याच चहा ओतलेल्या कपासारखं ऊन लागायचं. अशा छताखाली पंखा लावला की तो तीच गरम हवा खाली ढकलतो. एसी लावला तर खोलीतली हवा गार होते, पण छत गरमच, म्हणून कॉम्प्रेसर बंद होण्याचं नाव घेत नाही. म्हणजे आपण रात्रभर वीज खर्च करून दुपारचं ऊन बाहेर काढत असतो. ते ऊन आत येण्याआधीच परतवलं तर?

सासूबाईंचं माहेर बाळापूरकडचं. त्यांचं लहानपण धाब्याच्या घरात गेलं: लाकडी तुळयांवर तुराट्या, त्यावर मातीचा जाड थर आणि वरून पांढरी माती. दरवर्षी पावसाच्या आधी ती नव्याने टाकायची. ‘भर उन्हायातबी त्या घरात रात्री गोधडी लागे,’ असं त्या नेहमी सांगतात. जाड मातीतून ऊन खाली पोचेपर्यंत रात्र होते आणि वरच्या पांढऱ्या थरावरून बरंचसं आधीच परत जातं. आपल्या सिमेंटच्या घरात छताची जाडी आता वाढवता येत नाही, पण वरचा पांढरा थर देता येतो.

तो आम्ही चुन्याचा दिला. कळीचा चुना आणला आणि रात्रभर भिजत घातला. यात एक काळजी घ्याच: कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळायला लागतो, म्हणून प्लास्टिकच्या बादलीत भिजवू नका, लोखंडी ड्रम घ्या, पाण्यात थोडा थोडा चुना टाका आणि पोरांना लांब ठेवा. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. डोळ्यात चुना गेला तर फार वाईट इजा होते. सकाळी तो कापडातून गाळून घेतला, त्यात फेव्हिकॉल मिसळला म्हणजे पावडर सुटत नाही. गच्ची आधीच झाडून-धुऊन ठेवलेली, भेगा बुजवलेल्या. भेगा तशाच ठेवून वरून पांढरं केलं तर पावसाळ्यात पाणी आत येणारच. मग लांब दांड्याच्या ब्रशने दोन हात दिले. पहिला पातळ, तो वाळल्यावर दुसरा जरा घट्ट. ऊन चढायच्या आत काम आटोपायचं, नाहीतर चुना ब्रशवरच वाळतो. खर्च हजाराच्या आत आला. बाजारात गच्चीसाठी उष्णता परतवणारे पांढरे रंग मिळतात. ते महाग पडतात पण काही वर्षं टिकतात. चुना पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात धुपतो, दर गुढीपाडव्याच्या सुमारास पुन्हा द्यावा लागतो. आम्हाला ते चालतं.

फरक किती पडला? त्या रात्री त्याच स्टुलावर चढून हात लावला. छत कोमट होतं, गरम नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, ‘आता कसं, आमच्या धाब्यावानी झालं.’ धाब्याइतकं गार काही झालं नाही, पण आधी संध्याकाळी सातला लागणारा एसी रात्री दहाला लागू लागला आणि तोही दोन-तीन तास. पश्चिमेकडच्या बेडरूमवर आणखी एक केलं: गच्चीच्या त्या भागावर डोक्याइतक्या उंचीवर हिरवी जाळी ताणली. जाळी आणि स्लॅब यांच्यामधून वारा खेळला पाहिजे, जाळी स्लॅबवरच अंथरून उपयोग नाही.

कूलरबद्दल मी भांडायला तयार आहे. आमच्याकडे हल्ली कूलर काढून एसी लावणं म्हणजे प्रगती समजतात. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातली हवा इतकी कोरडी असते की कूलरसारखं साधन नाही. मोठ्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून अडीचशे वॅटच्या आत, म्हणजे चार तासांना एक युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तर तासाभरात दीड युनिट खातो. पण कूलर नीट चालवला पाहिजे. तो खिडकीच्या बाहेर हवा आणि समोरची एखादी खिडकी थोडी उघडी हवी. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की ओलावा आतच कोंडतो आणि मग ‘कूलरने चिकचिक होते’ म्हणून त्याला नावं ठेवतात. दुसरं म्हणजे पाणी. आमचा भाग खारपाणपट्ट्याला लागून. बोअरचं पाणी कूलरला घातलं की ताट्यांवर पांढरा थर धरतो, छिद्रं बुजतात, मोटर तेवढीच वीज घेते पण वारा येत नाही. दर तीन-चार दिवसांनी टाकीतलं पाणी पूर्ण सोडून द्यायचं आणि दर मोसमात ताट्या बदलायच्या. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर उत्तमच. तो वास कुठल्याही मशीनमधून येत नाही.

मृगाचा पाऊस येऊन हवा दमट झाली की मात्र कूलरचं काम संपलं. तेव्हा एसी. २०२० पासून नवे एसी चालू करताना २४ अंशांवरच सुरू होतात. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो की तापमान एक अंश वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. आम्ही २७ वर ठेवतो आणि सोबत पंखा दोन नंबरवर. अंगावर वारा असला की २७ सुद्धा गार वाटतं, आणि त्या वेगाला बीएलडीसी पंखा दहा-बारा वॅटवर फिरतो. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरायची, एवढं बास.

फ्रिजचं थोडक्यात. आमचा फ्रिज सतरा वर्षांचा, दिवसाला १.८ युनिट घेत होता. हे मोजायला प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर मैत्रिणीकडून आणलं. नव्या फ्रिजच्या लेबलवर स्टारच्या खाली वर्षाचे युनिट छापलेले असतात. दुकानात सगळे स्टार मोजतात, तुम्ही तो आकडा बघा. आम्ही वर्षाला २०० च्या आसपास युनिट घेणारा घेतला. आता महत्त्वाचं: जुना फ्रिज भंगारात द्या. तो मागच्या खोलीत पाण्याच्या बाटल्यांसाठी ठेवला तर नवा घेऊन बिल वाढतंच, आणि असं केलेली तीन घरं माझ्या माहितीत आहेत. फ्रिज इतक्यात बदलायचा नसेल तर दाराच्या रबरात एक कागद अडकवून ओढून पाहा. सहज निघाला तर रबर बदला, आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

पाण्याची मोटर आणि गीझर यांत मोठं काही निघालं नाही. अकोल्यात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते खालच्या टाकीत भरून मोटरने वर चढवायचं. वरची टाकी भरून वाहू लागली की पाणीही गेलं आणि वीजही, म्हणून टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवला. गीझर थंडीतच लागतो. तो सकाळभर चालू ठेवण्याऐवजी वीस मिनिटं आधी लावून सगळ्यांनी लागोपाठ अंघोळी उरकायच्या, आणि थर्मोस्टॅट ५० वर.

दिवे तर बहुतेकांचे बदललेलेच आहेत. २०१५ मध्ये उजाला योजनेतले एलईडी बल्ब आले तेव्हाच आम्ही घेतले होते. तिथे आता काढण्यासारखं काही नाही.

आता सौर. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्यापासून गल्लीत रोज कोणीतरी कोटेशन घेऊन येतं. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,०००. आपल्या भागात एक किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. विकणारे लोक जुनं मे महिन्याचं बिल मागतात आणि त्यावरून तीन-चार किलोवॅट सुचवतात. पण ते बिल आधीच्या घराचं आहे, ते पंखे, तो फ्रिज आणि तो तापलेला स्लॅब असलेल्या घराचं. आमची बारा महिन्यांची सरासरी आता दोनशेच्या आत आहे, आणि दोन किलोवॅटचे पॅनेल महिन्याला २४० च्या आसपास देतील. म्हणून मी त्यांना नवी बिलं दाखवली आणि दोनच किलोवॅटचं कोटेशन मागितलं. अनुदान थोडं कमी मिळेल, पण खिशातून जाणारे पैसेही कमी. पॅनेल दक्षिणेच्या बाजूला बसवायचे ठरलेत. फक्त पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर तिथे येते, तेव्हा आधी टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात हलवावी लागेल. प्लंबरला रविवारी बोलावलंय.